रिदम आधी, लीड नंतर: दोन चॅनेलच्या ॲम्पवर टोन बसवताना

दोन चॅनेलचा ॲम्प घरी आला की माणूस आधी लीडच्या, म्हणजे सोलोच्या चॅनेलवर जाऊन बसतो. गेन, म्हणजे आवाज किती फुटायचा ते ठरवणारा नॉब, जवळजवळ पूर्ण पिळायचा, रिव्हर्ब सोडायचा आणि बाराव्या फ्रेटच्या वर हाताला जे जे येतं ते वाजवून घ्यायचं. हौस आहे, करावी. फक्त ते सेटिंग घेऊन बँडबरोबर उभं राहू नका. कार्यक्रमात आपण बहुतेक वेळ रिदमच, म्हणजे गाण्यामागचे कॉर्ड, वाजवत असतो, आणि सोलो उठून दिसतो की नाही हे त्याच्या आधीचा रिदम कसा होता यावर ठरतं. रिदम आधीच जाड, तिखट आणि मोठा असेल तर लीडला जायला जागाच उरत नाही. मग व्हॉल्यूम वाढतो, ड्रमर चिडतो, गायक मॉनिटर वाढवून मागतो आणि सगळ्यांचंच बिनसतं.

मी ठाण्यात गिटार शिकवते, ऑर्केस्ट्रात वाजवते आणि जमेल तेव्हा एका रॉक बँडमध्येही. दोन्हीकडे माझा एकच ॲम्प जातो, मार्शलचा डीएसएल ४० सीआर. ४० वॅट, व्हॉल्व्हचा, १२ इंची एक स्पीकर. वजन २३ किलोच्या आसपास, म्हणजे लिफ्ट बंद असली की बेसिस्टला चहा पाजावा लागतो. खालचं सगळं या ॲम्पच्या नॉबवर बोट ठेवून लिहितेय. तुमचा ॲम्प वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही. नॉबची जागा मी घड्याळाच्या काट्यावर सांगते: १२ वाजता म्हणजे बरोबर मध्यावर.

आधी पॅनेल समजून घ्या. क्लासिक गेन हे पहिलं चॅनेल, त्यात क्लीन (स्वच्छ) आणि क्रंच (जरासा फुटलेला). अल्ट्रा गेन हे दुसरं, त्यात ओडी (ओव्हरड्राइव्ह) वन आणि ओडी टू. आवाज चार झाले, पण गेन आणि व्हॉल्यूमच्या जोड्या दोनच: क्लीन आणि क्रंचला मिळून एक, दोन्ही ओडींना मिळून एक. आणि खरी गोम पुढे आहे. ट्रेबल, मिडल, बेस हे तीन नॉब अख्ख्या ॲम्पला एकदाच दिलेत. दोन जावांत एक शेगडी. रिदमसाठी बेस फिरवलात की लीडचाही फिरला. रिव्हर्ब मात्र दोघांना वेगवेगळा आहे, आणि मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे ॲम्पच्या एकूण आवाजाचे नॉब, दोन आहेत, पायाने बदलता येणारे. या दोन मास्टरांवरच पुढचा सगळा डाव आहे.

क्लीन आणि क्रंचचे नॉब सामायिक असल्यामुळे दोन्ही एकाच कार्यक्रमात वापरायला गेलं की घोळ होतो. क्लीन नीट लावलं तर क्रंच फार पेटतं, क्रंच नीट लावलं तर क्लीन मिळमिळीत. म्हणून मी क्रंच हाच रिदम धरते आणि ओडी वन हा लीड. क्लीन आवाज गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवरून काढते. हंबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) गिटारवर व्हॉल्यूम तीन-चारवर आणला की क्रंच बराचसा स्वच्छ होतो, मुखड्यामागचे आर्पेजिओ आरामात निघतात. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होत असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून ट्रेबल ब्लीड बसवून घ्या. एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, फार खर्चाचं काम नाही.

ओडी टू मी वापरत नाही. त्यात गेन आणखी जास्त, आवाज आणखी जाड. एकट्याने वाजवताना भारी वाटतो, बँडमध्ये बुडतो. मेटल वाजवणाऱ्यांचं मत वेगळं असेल, त्यांनी जरूर वापरावा.

नॉबला हात लावण्याआधी

आवाज किती मोठा लागणार हे आधी ठरवा आणि त्याच आवाजात टोन बसवा. हे मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगते की ते माझी नक्कल करतात, पण इलाज नाही. आपला कान हळू आवाजात बेस आणि ट्रेबल कमी ऐकतो, मोठ्या आवाजात दोन्ही भरभरून ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख मांडून ठेवलेत. त्यामुळे रात्री शेजाऱ्यांना सांभाळत लावलेला टोन घरी नेहमी थोडा बेस आणि थोडी चमक मागतो, आपणही ती देतो. तोच टोन जॅम रूममध्ये ड्रमच्या बरोबरीने वाजला की खाली घुमतो आणि वर कानात टोचतो. मधला भाग, जिथे खरं तर गिटार राहते, तिथे खड्डा.

तेव्हा जॅम रूमची वेळ घ्याल तेव्हा पहिला अर्धा तास यासाठीच ठेवा. ड्रमरला साधा ठेका धरायला सांगा, बेसिस्टला एका सुरावर बसवा. ऑर्केस्ट्रात असाल तर ऑक्टापॅड आणि ढोलकी चालू हवी.

दुसरं म्हणजे ॲम्प कुठे ठेवलाय ते बघा. गिटारच्या स्पीकरमधून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात, बाजूला फार पसरत नाहीत. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात उभे, म्हणजे तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर आदळतोय. तुम्हाला आवाज मऊ वाटतो, म्हणून ट्रेबल वाढवता, आणि पहिल्या रांगेतले लोक कान झाकतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा, नाहीतर मागे कलता करा. स्पीकर कानाकडे बघतोय असं झालं पाहिजे. जमिनीवरून उचलल्याने बेसची घूमही उतरते, तो फायदा फुकटचा.

पेडल सगळे बाहेर. रिव्हर्ब शून्यावर. रेझोनन्स (खालच्या घुमीचा नॉब) आणि प्रेझेन्स (वरच्या धारेचा) ११ वाजता. टोन शिफ्टचं बटण बाहेर, म्हणजे बंद. ते दाबलं की मधले सूर खरवडले जातात. घरात एकट्याने ऐकायला झकास, बँडमध्ये तुम्ही दिसता पण ऐकू येत नाही. ॲम्प चालू करून व्हॉल्व्हला दोन-चार मिनिटं तापू द्या, तोवर गिटार सुरात लावा.

रिदम

ब्रिज पिकअप, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, क्रंच, मास्टर एक. बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही १२ वाजता, हा फक्त निघायचा ठेपा. गेन शून्यावरून हळूहळू वर आणा आणि चॅनेलच्या व्हॉल्यूमने ड्रमच्या बरोबरीला या.

गेन किती, याची माझी परीक्षा दोन प्रकारची. पहिली: साधा उघडा ई मायनर, सहाही तारा, मग जी, मग सी. कॉर्डमधले सूर वेगवेगळे ओळखू येतायत का? सीमधला ई आणि जीमधला बी, म्हणजे कॉर्डचा गोडवा ज्यात आहे तो सूर, गिचमिडीत हरवला असेल तर गेन जास्त आहे. फक्त पॉवर कॉर्ड वाजवून गेन ठरवू नका. त्यात मूळ सूर आणि पाचवा एवढेच असतात, ते कितीही गेन पचवतात आणि तुम्हाला फसवतात.

दुसरी परीक्षा पाम म्यूटची, आणि ही सावकाश करा. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर टेकवा, तार निम्मी दाबली जाईल इतकीच. सगळ्यात जाड तारेवर एकसारखे ठोके द्या, ड्रमरच्या हाय-हॅटबरोबर. आता ठोका ऐकू नका, दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐका. तिथे क्षणभर शांतता हवी. शांततेच्या जागी घरघर असेल तर गेन कमी करा. घरघर नाही पण ठोका गोलमटोल येतोय, त्याला टोकच नाही, तर बेस कमी करा. ठोका करकरीत आहे पण पोकळ वाटतोय, तर मिडल वाढवा. हात थोडा पुढे-मागे सरकवून बघा, अर्ध्या सेंटीमीटरने आवाज बदलतो. कधी कधी दोष नॉबचा नसतो, तळहात फार पुढे असतो. माझा गेन या परीक्षेनंतर साधारण १० ते ११ वाजता थांबतो. सिंगल कॉइलची गिटार असेल तर तासभर पुढे.

गेन वाढवला की नुसतं खरखरीतपण वाढत नाही, आवाज दाबलाही जातो. हळू आणि जोरात वाजवलेल्यातला फरक संपतो. मग पिक कितीही जोरात मारा, कॉर्ड पुढे येत नाही. म्हणून कमी गेनचा रिदम बँडमध्ये उलट मोठा आणि जड वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला तो भिंतीसारखा आवाज बऱ्याचदा माफक गेनवर दोन-चार वेळा वाजवून एकावर एक चढवलेला असतो. स्टेजवर आपण एकदाच वाजवतो, आणि तो जाडपणा गेनने भरून काढायला गेलो की चिखल होतो.

आता बेस. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, बेस गिटारची ई तार त्याच्या निम्म्यावर, ४१ वर. पण त्या ४१ च्या सुराचा पुढचा पडसाद पुन्हा ८२ वरच येतो, आणि आपल्याला बेसचा सूर ओळखू येतो तो बराचसा या वरच्या पडसादांतून. तुम्ही बेसचा नॉब दोन वाजेपर्यंत नेलात की बिचाऱ्याच्या जागेवर जाऊन बसता. बेसिस्ट वाजवत असताना बेसचा नॉब पूर्ण खाली न्या आणि हळू वर आणा. गिटारला जरा पाय फुटले असं वाटलं की थांबा. बहुधा १० वाजल्याच्या आत थांबाल. एकट्याने ऐकलंत तर आवाज बारीक वाटेल. वाटू द्या.

मिडलबाबत लोक हात आखडता घेतात, आणि त्याला कारण आहे: एकट्या गिटारला मिडल जास्त झाला की आवाज नाकातून येतो. पण मार्शलच्या या इक्यूमध्ये, म्हणजे ट्रेबल-मिडल-बेसच्या सर्किटमध्ये, तिन्ही नॉब १२ वर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला असं नसतं. सर्किटच असं आहे की साधारण ५०० ते ७०० हर्ट्झच्या पट्ट्यात ते आपणहून खड्डा पाडतं. मिडल दीड-दोन वाजेपर्यंत नेला तर तुम्ही जास्तीचं काही घालत नाही, तो खड्डा थोडा बुजवता. शिवाय हे तीन नॉब एकमेकांत गुंतलेले आहेत. ट्रेबल हलवला की मिडलची पकडही बदलते. म्हणून एक नॉब हलवून झाला की बाकीचे दोन पुन्हा थोडे चाचपायचे.

ट्रेबल सिंबलबरोबर लावा. ड्रमर क्रॅश मारतो त्या क्षणी तुमची कॉर्ड नाहीशी होत असेल तर ट्रेबलच्या मागे लागू नका, सिंबलशी कोणीच जिंकत नाही. मिडलने वाट काढा. माझा ट्रेबल ११ ते १२ च्या मध्ये राहतो. प्रेझेन्स हा ट्रेबलचा धाकटा भाऊ नव्हे, तो पॉवर ॲम्पमध्ये, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, काम करतो आणि अगदी वरची धार सांभाळतो. मास्टर चढवला की त्याचा परिणाम जास्त जाणवतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

लीड

आता पाय मारून अल्ट्रा गेनच्या ओडी वनवर या. मास्टर अजून एकच. इथे पहिलं काम: लीडचा आवाज रिदमच्या बरोबरीला आणायचा. मोठा नाही, बरोबरीचा. कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि मग टोन आवडला की नुसता मोठा आवाज आवडला हे कळत नाही. एखाद्या गाण्याचं अंतऱ्याआधीचं म्युझिक घ्या, तोच तुकडा वाजवत पायाने चॅनेल बदलत राहा आणि अल्ट्राचा व्हॉल्यूम जुळवा.

मग गेन. जी तारेवर दहाव्या-बाराव्या फ्रेटला एक सूर खेचा, व्हायब्रेटो द्या आणि धरून ठेवा. गाण्याच्या लयीत जेवढा वेळ तो सूर लागतो तेवढा टिकला की पुरे. स्लो गाण्यात दोन मात्रा, फार तर चार. त्यापेक्षा जास्त टिकवण्यासाठी गेन वाढवलात तर सुरांमधल्या मोकळ्या जागी हिस्स ऐकू येते, आणि शेजारच्या तारेला चुकून लागलेलं बोटही गावभर होतं. बँडच्या आवाजात स्पीकरचा धक्का तारेलाच लागतो, त्यामुळे घरी लागणाऱ्या गेनपेक्षा स्टेजवर कमीच पुरतो. ओडी वनवर माझा गेन ११ च्या पुढेमागे असतो.

यानंतर इक्यूकडे लीडच्या नजरेने बघा. बारीक तारांवर सूर सुईसारखा टोचत असेल तर ट्रेबल अर्धा तास मागे आणि मिडल तेवढाच पुढे. इक्यू सामायिक असल्यामुळे तडजोड करावी लागतेच, आणि माझा नियम असा की वाद झाला तर मिडलच्या बाबतीत लीडचं ऐकायचं, बेसच्या बाबतीत रिदमचं. नॉब हलवले की परत रिदमवर जाऊन पाम म्यूटची परीक्षा घ्या. दोन-तीन फेऱ्या होतात. लीड अजूनही टोचत असेल तर नॉब सोडा, गिटारचा टोन नॉब सहा-सातवर आणा किंवा नेक पिकअपवर जा. गिटारवरची ही दोन साधनं लोक विसरूनच जातात.

आता मास्टर दोन. हा फक्त आवाजाची उडी मारण्यासाठी. मास्टर एक जिथे आहे त्यापेक्षा किंचित वर ठेवा. तीन ते चार डेसिबलची उडी बहुतेक सोलोंना पुरते. ड्रमर हात सोडून वाजवणारा असेल तर पाच-सहा. मोबाइलवर डेसिबल मोजणारं ॲप असतं. त्याचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो, पण दोन आवाजांतला फरक बघायला चालतो. दहा डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो, तेवढी उडी कोणालाच नको असते.

माझ्या फूटस्विचवर एका बटणाला चॅनेल आहे, दुसऱ्याला मास्टर. त्यातून चार आवाज मिळतात. क्रंच आणि मास्टर एक, हा नेहमीचा रिदम. क्रंच आणि मास्टर दोन, ज्या गाण्यात गिटारची ओळ पुढे हवी पण तिखट नको तिथे. मराठी भावगीतांच्या मेडलीत मला हाच जास्त लागतो. ओडी वन आणि मास्टर एक, जड रिफसाठी. ओडी वन आणि मास्टर दोन, सोलो. सोलोला दोन्ही बटणं एकदम दाबावी लागतात, त्याची सवय करा. बूट रुंद असेल तर एका पायात दोन्ही येतात, चपलेत नाही.

पेडल, लूप आणि बाकीचे

ज्यांच्या ॲम्पला दुसरा मास्टर नाही त्यांनी उडीसाठी काय करायचं? ॲम्पच्या इनपुटआधी बूस्ट पेडल लावलं आणि चॅनेल आधीच भरपूर गेनवर असेल, तर आवाज मोठा होत नाही, आणखी दाबला जातो. उडी हवी असेल तर बूस्ट किंवा इक्यू पेडल ॲम्पच्या मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावा. लूप प्रीॲम्पच्या, म्हणजे गेन देणाऱ्या टप्प्याच्या, नंतर येतो, तिथे वाढवलेला आवाज खरोखर वाढतो. इक्यू पेडल असेल तर ८०० हर्ट्झच्या आसपासची कांडी थोडी वर आणि लेव्हल तीन-चार डेसिबल वर, बस.

इनपुटआधी लावायचंच असेल तर ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल बरंच वर. ते खालचे सूर छाटतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपास उंचवटा देतं. ओडी वनचा थलथलीतपणा जातो. त्याच वेळी ॲम्पचा गेन तासभर मागे घ्या, दोन्हीकडून ढकलू नका.

डिले (पडसाद देणारं पेडल) लूपमध्येच, डिस्टॉर्शनच्या आधी नाही, नाहीतर प्रत्येक पडसाद वेगळा फुटतो आणि लीडची भेळ होते. वेळ गाण्याच्या टेम्पोवरून काढा: ६०,००० भागिले टेम्पो, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १२० च्या टेम्पोला ५०० येतात, त्याच्या पाऊणपट ३७५. सोलोला मी पाऊणपट घेते, दोन-तीन पडसाद, मिक्स इतका कमी की वाजवताना जाणवू नये आणि बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं. रिदमवर रिव्हर्ब जवळपास शून्य. हॉलमध्ये रिव्हर्ब आयता मिळतोच.

दुसरा गिटारवाला असेल तर दोघांनी एकच टोन लावू नका. एकाने ब्रिज पिकअप आणि खालचे पॉवर कॉर्ड घेतले तर दुसऱ्याने कमी गेनवर वरच्या चार तारांवरचे छोटे कॉर्ड घ्यावेत. कीबोर्डवाल्याला मात्र स्पष्ट सांगावं लागतं, "दादा, या कडव्यात डावा हात जरा वर घ्या." त्यांचा डावा हात आणि आपला रिदम एकाच घरात राहतात.

माइक लावलेला असेल तर तो एसएम ५७ किंवा त्याच्यासारखाच असतो. कापडाच्या अगदी जवळ, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखलेला. टोपीच्या मध्याकडे सरकवला की आवाज धारदार, कडेकडे नेला की मऊ. बाहेर आवाज टोचतोय अशी तक्रार आली तर ॲम्पच्या ट्रेबलला हात लावण्याआधी माइक बोटभर बाजूला सरकवून बघा. आणि साउंडवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की सोलोला मीच वाढवणार आहे. नाहीतर तुम्ही उडी मारता आणि ते बिचारे प्रामाणिकपणे फेडर खाली ओढतात.

उडी किती आहे हे समोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करून बघू नका. रेकॉर्ड करताना मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो, सगळं एका पातळीवर आणतो आणि उडी दिसतच नाही. टोनसाठी रेकॉर्डिंग ठीक, पण उडीसाठी माणूसच पाठवा, सातव्या-आठव्या रांगेत. तो गिटारवाला नसेल तर उत्तम.

एक गोष्ट टोनची नाही पण सांगते. मांडवात, जनरेटरवर ॲम्प गुणगुणायला लागला की कोणीतरी हमखास सुचवतं, अर्थिंगची पिन काढून टाका. हात जोडून सांगते, काढू नका. एका हातात तारा आणि ओठांना माइक अशी अवस्था असते आपली. ॲम्प, मिक्सर, पेडलचा अडॅप्टर सगळे एकाच बोर्डावरून घ्या, गुणगुण बरीच कमी होते. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरची वायर काढून कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

दुसऱ्याचा ॲम्प समोर आला तर

भाड्याच्या बॅकलाइनमध्ये, म्हणजे स्टेजवर मिळणाऱ्या ॲम्प-ड्रमच्या सामानात, काय येईल ते आपल्या हातात नसतं. पीव्हीचा ५१५० किंवा नंतरच्या नावाने ६५०५ आला तर त्यावर चॅनेलची नावंच रिदम आणि लीड आहेत, आणि इक्यू तिथेही सामायिक. १९९२ पासूनचं हे डिझाइन गेनच्या बाबतीत उधळं आहे. लीडवर प्री गेन तीन-चारच्या वर नेण्याआधी विचार करा. रिदम चॅनेलचं क्रंच बटण दाबून गेन कमी ठेवला की वरची सगळी पद्धत जशीच्या तशी लागू.

मेसा बूगीच्या मार्क मालिकेत मात्र गणित उलटं. मार्शलमध्ये इक्यू गेनच्या नंतर येतो, म्हणून बेसचा नॉब फुटलेल्या आवाजाला आकार देतो. मार्कमध्ये ट्रेबल-मिडल-बेस गेनच्या आधी येतात. तिथे बेस वाढवला की तो बेसच पुढच्या टप्प्यांत फुटतो आणि लीड पिठूळ होतो. तिथे बेस एक-दोनवर ठेवा, ट्रेबल चढा, आणि हवा असलेला बेस पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्यूमधून परत घाला. तो नंतर येतो.

रोलँडचा जेसी १२० किंवा फेंडरचा ट्विन असेल तर चॅनेल दोन दिसतात, पण ते रिदम-लीडसाठी नाहीत, पायाने बदलताही येत नाहीत. तिथे स्वच्छ आवाज ही एकच जमीन धरा आणि दोन पेडल घ्या: एक कमी गेनचं, सतत चालू, तो रिदम. दुसरं त्याच्या पुढच्या क्रमात, मिडल जास्त आणि लेव्हल तीन-चार डेसिबल वर, तो लीड.

स्वतःच्या ॲम्पवर मी नॉबच्या कडेला पांढरी मास्किंग टेप लावून पेनाने खुणा केल्यात. नव्या जागी गेले की आधी खुणांवर आणते आणि मग फक्त दोनच नॉबना हात लावते. लाकडी, पोकळ स्टेज असेल तर रेझोनन्स ९ वाजता आणि ॲम्प खुर्चीवर. मोकळ्या मैदानात मागे भिंत नसते, बेस पळून जातो, तिथे बेस अर्धा तास पुढे. गेन दोन्हीकडे होता तिथेच ठेवते.